प्रमाण-वर्गातली तिसऱ्या बाकावरची मुलगी

सोमवार, १५ जून २०४३, सोलापूर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लोकमित्र विद्यालयाच्या सभागृहात गिरिजा बिराजदार या चौदा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर बोधपट्टी बांधण्यात आली. मापन अधिकारी निखत शेख यांनी तिला विचारलं, "घट्ट होत नाही ना?" गिरिजा म्हणाली, "नाही मॅडम."

फळ्याजवळ तिच्या विज्ञानाच्या शिक्षिका सुकन्या येमूल उभ्या होत्या. समोर पहिल्या रांगेत गिरिजाचे वडील, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक मल्लिनाथ बिराजदार बसले होते. मागे सुमारे दोनशे पालक होते. हे पुनर्मापन येमूल बाईंनी मागितलं होतं. चाळीस मुलांतून कुठलंही एक नाव देण्याची मुभा नियमाने त्यांना होती. त्यांनी हे नाव दिलं होतं.

ते का दिलं, हे कळण्यासाठी आधी पट्टीविषयी.

बोधपट्टी दिसायला टोपीच्या आतल्या पट्टीसारखी असते. तिच्यातून अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो कातडीतून आणि कवटीतून थोडा आत जातो आणि काही अंशी परत येतो. ताजं, प्राणवायू असलेलं रक्त तो एका प्रमाणात शोषतं, शिळं रक्त वेगळ्या. त्यामुळे परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूच्या पुढच्या भागाला या क्षणी किती ताजं रक्त लागतंय हे कळतं. नवी गोष्ट समजून घेताना मेंदू राबतो, रक्त जास्त लागतं, पडद्यावरची रेषा चढते. गोष्ट उमगली की रेषा उतरते. चढ सुरू झाल्यापासून उतार लागेपर्यंतच्या वेळाला 'बोधकाळ' म्हणतात.

राज्याने आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद केल्या आणि बोधकाळ आणला, तेव्हा पालक खूश झाले होते. पाठांतर नको, कॉपी नको, पेपर फुटणं नको. आठवी संपताना वर्षभराच्या बोधकाळावरून मुलाची शाखा ठरायची: चिंतन किंवा कृती. डॉक्टर, वकील, संशोधक व्हायचं तर चिंतन. कृती शाखेत हातांचे उद्योग. एकीतून दुसरीत जायचा रस्ता कागदावर होता.

अडचण एकच होती. चांगला बोधकाळ किती, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक शाळेत सुरुवातीला एक 'प्रमाण-वर्ग' घेण्यात आला. सर्वसाधारण मुलांचा वर्ग, त्यांना कधीच न शिकवलेला पाठ, आणि सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या. त्यांच्या रेषा ही त्या शाळेची मोजपट्टी. पुढची सगळी मुलं तिच्यावर मोजली जाणार.

लोकमित्र विद्यालयाचा प्रमाण-वर्ग २०४१ च्या जुलैत झाला.

त्याचा निरोप आला तेव्हा बिराजदार सर शिक्षकखोलीत येऊन म्हणाले होते, "पुण्याहून माणसं यायलीत. तपासणीसारखंच आहे. तिन्ही तुकड्यांतली बरी पोरं वेचून एका वर्गात बसवा. येमूल बाई, पाठ तुम्ही घ्या. आधी दोन-तीनदा घेऊन ठेवा, म्हणजे ऐनवेळी खोळंबा नको."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तपासणी आली की शाळा हेच करते. वेचीव मुलं पुढच्या बाकांवर, ठरलेला पाठ, ठरलेले प्रश्न आणि ठरलेले हात वर. येमूल बाईंनी पंधरा वर्षांत असे कितीतरी पाठ घेतले होते. त्यांनी पाण्याच्या पृष्ठताणाचा पाठ निवडला, तीन वेळा घेतला आणि चौथ्यांदा पट्ट्या बांधलेल्या मुलांसमोर घेतला. रेषा जेमतेम चढल्या आणि लगेच उतरल्या. पुण्याची माणसं म्हणाली, शाळा उत्तम आहे.

येमूल बाईंची स्वतःची मुलगी हारिका तेव्हा सातवीत होती, हुशारांत गणली जायची. तिला त्यांनी त्या वर्गात घेतलं नाही. सहकाऱ्यांना त्या म्हणाल्या, "ती मधेच प्रश्न विचारत बसते. वेळ जातो."

*

निकाल यंदा २८ एप्रिलला लागला. आठवीच्या एकशे बावन्न मुलांपैकी चिंतन शाखा मिळाली अठ्ठेचाळीस जणांना. त्यातली चाळीस प्रमाण-वर्गातली होती. हारिकाच्या नावापुढे 'कृती' आलं. शेरा होता, 'बोधकाळ दीर्घ'.

हारिकाला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. घरात जनावर नाही. पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत दोन खोल्या, वडील व्यंकटेश टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यावर. पण गल्लीतल्या प्रत्येक शेळीचा आजार तिला माहीत असतो. निकाल बघून ती रडली नाही. म्हणाली, "अम्मा, मी खरंच सावकाश आहे का?"

येमूल बाईंनी त्याच संध्याकाळी प्रमाण-वर्गाचं परिपत्रक उघडलं. ते शाळेच्या ग्रुपवर दोन वर्षांपासून पडून होतं. चौदा पानं. खाली सगळ्या शिक्षकांचे एकसारखे प्रतिसाद होते: 'नोंद घेतली', आणि पुढे जोडलेले हात. त्यात त्यांचाही एक होता. ग्रुपवर काही आलं की वाचायच्या आधी हे टाकायचं, ही सगळ्याच शाळांची रीत आहे. उशीर झाला की फोन येतो.

तिसऱ्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: हा तपासणीचा वर्ग नाही. निवडक मुले बसवू नयेत. पूर्वी शिकवलेला पाठ घेऊ नये. तसे केल्यास मोजपट्टी चुकीची बनेल आणि खरोखर नवीन शिकणारे प्रत्येक मूल तिच्यावर मंद ठरेल.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पुढे वाचत गेल्या. अकराव्या पानावर एक ओळ होती: प्रमाण-वर्गातील मुलांना आठवीनंतर चिंतन शाखेत थेट जागा राहील.

तिथे त्या थांबल्या. वेचीव मुलांच्या त्या वर्गात तिसऱ्या बाकावर गिरिजा बिराजदार बसली होती. गिरिजा गोड मुलगी, हारिकाची डब्यातली भागीदार. पण अभ्यासात मधली. 'बरी पोरं' म्हणून तिला कुठल्याच शिक्षकाने वेचलं नसतं. तिला तिथे सरांनी स्वतः हाताला धरून आणून बसवलं होतं, हे येमूल बाईंना लख्ख आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि परिपत्रक टेबलावर ठेवलं.

बिराजदार म्हणाले, "बाई, एवढी पानं कोण वाचतंय ओ? तुम्ही वाचली होती का?"

"नाही. तुम्ही वाचली होती."

"कशावरून?"

"गिरिजावरून. पान अकरा वाचलंत आणि पान तीन नाही वाचलंत, असं कसं होईल सर?"

त्यांनी परिपत्रक बाईंकडे परत सरकवलं. मग म्हणाले, "पाठ तुम्हीच घेतला होता. तीनदा."

"हो. म्हणून तर मला माहीत आहे."

*

त्या दिवसापासून येमूल बाई शिक्षणाच्या बाबतीत येणारं सगळं वाचू लागल्या. परिपत्रकं, शुद्धिपत्रकं, मसुदे, हरकतींच्या मुदती, विधिमंडळातली उत्तरं. भाकरी थापताना मोबाईल पोळपाटाशेजारी उभा असे. शिक्षकखोलीत त्यांचं नाव 'राजपत्र' पडलं. खेळाचे चाबुकस्वार सर म्हणत, "बाईंना विचारा, शिंकायची परवानगी कोणत्या कलमात आहे." सगळे हसत. त्या हसत नसत, पण मागे एकदा त्यांनी कलम सांगितलं होतं, शाळेतल्या संसर्गाबाबतचं, आणि ते बरोबर होतं.

इतर शाळांत काय चाललंय तेही त्यांना त्यातूनच कळलं. शहरात 'पूर्वबोध' नावाच्या शिकवण्या निघाल्या होत्या. शाळेत उद्या शिकवायचं ते तिथे आज शिकवायचे, म्हणजे वर्गात मुलाची रेषा चढू नये. एका हरकतीत कुणा आईने लिहिलं होतं, 'माझ्या मुलाने आता विचार करणं सोडलं आहे. विचार केला की नंबर बिघडतो म्हणतो.'

त्यांना हवं ते नियमांच्या दुसऱ्या शुद्धिपत्रकात सापडलं. त्या मापन कार्यालयात निखत शेख यांच्याकडे गेल्या. शेख मॅडमनी स्वच्छ सांगितलं.

"दोन रस्ते आहेत. पहिला, शिक्षकाचं निवेदन. पाठ आधी घेतला होता असं तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं. मोजपट्टी लगेच रद्द. आठवीच्या सगळ्या मुलांचं पुन्हा मापन. कुठल्याच मुलाचं नाव येत नाही."

"आणि माझं?"

"तुम्ही निलंबित. बहुतेक नोकरी जाईल."

"दुसरा?"

"खुलं पुनर्मापन. पालक म्हणून तुम्ही प्रमाण-वर्गातल्या एका मुलाचं नाव द्यायचं. सगळ्यांसमोर, अनोळखी पाठ. शिक्षक तुम्ही सुचवायचा. तेव्हाचा बोधकाळ चाळीस सेकंदांच्या आसपास आहे. आता चार मिनिटांच्या वर गेला तर मोजपट्टी रद्द. त्या मुलाची जागाही जाते, आणि आकडा त्याच्या नावावर कायम लागतो. चार मिनिटांच्या आत आला तर तक्रार निकाली. मग पुन्हा दार नाही, निवेदनाचंही. तीस जूनला प्रवेश बंद होतात, जे काय करायचं ते त्याच्या आत."

येमूल बाईंनी विचारलं, "मुलाचे पालक हजर लागतात?"

"नियमाने पहिल्या रांगेत."

"मग दुसरा."

शेख मॅडम म्हणाल्या, "चाळीस मुलं आहेत बाई. एखादं खरोखर हुशार घ्या. त्याचं पुढेही काही बिघडणार नाही."

त्यांनी गिरिजा बिराजदार असं लिहिलं, आणि पाठ घेणाऱ्या शिक्षिका म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.

*

नोटीस निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिराजदार सर येमूलांच्या घरी आले. चपला बाहेर काढल्या, खुर्चीत टेकले. व्यंकटेश चहा ठेवायला उठला, तर बायको म्हणाली, "सर पटकन जाणारेत."

"हारिकाचं काम करून देतो," सर म्हणाले. "मापनाच्या दिवसांत ताप होता असं दाखवू. ओळखीचे डॉक्टर आहेत. पुन्हा मापन होईल, गुपचूप. पोरगी हुशारच आहे, मिळून जाईल तिला."

"आणि बाकीची शंभर पोरं?"

"त्यांची काळजी तुम्हाला कधीपासून बाई? तुम्ही पोरांसाठी करत असता तर निवेदन दिलं असतं. मलाबी वाचता येतं की."

येमूल बाईंनी हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" सरांनी विचारलं.

"तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या नावापुढे काय आलं ते मी जसं बघितलं तसं."

सर उठले. दारात चपला घालता घालता आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "हारिका, अभ्यास सोडू नको हां." हारिका आतून "हो सर" म्हणाली. तिला लहानपणापासून तसंच शिकवलेलं होतं.

ते गेल्यावर ती बाहेर आली.

"गिरिजाचं नाव का दिलं?"

"त्यांना कळायला पाहिजे म्हणून."

"कुणाला, सरांना? मग त्यांच्या कपाळाला बांध की."

"त्यांच्या कपाळाला बांधून काय कळणार? ज्याचं दुखतं तिथे—"

"गिरिजाला माहीतच नव्हतं, अम्मा. तिला वाटलं होतं पाठ छान झाला म्हणून तिला चिंतनात घेतलं. ती तुझं नाव घेत फिरत होती." हारिकाने रिकामी खुर्ची भिंतीशी सरकवली. "मला तू का नव्हतं घेतलंस त्या वर्गात?"

व्यंकटेशने चहा तरीही ठेवला होता; त्याने गॅस बंद केला. चहा कुणी घेतला नाही.

*

पंधरा जून. दहा बेचाळीस.

पाठ होता गाय रवंथ का करते हा. बारा मिनिटांची मुदत. हा पाठ येमूल बाईंनी घरी हारिकाला एकदा सांगितला होता, चित्र काढून, भाजीच्या चार पिशव्या एकीत एक ठेवून. तो तिला अजून आठवतो. सभागृहात त्यांनी खडू उचलला, पण चित्र काढलं नाही.

पुनर्मापनाचं चित्रण झालं; त्यात त्यांचा आवाज सपाट आहे. "गाईच्या जठराला चार कप्पे असतात. पहिल्यात चारा साठतो आणि जीवाणू तो कुजवतात. दुसऱ्यातून तो परत तोंडात येतो. रवंथ झाल्यावर तिसऱ्यात जातो. तिसऱ्यातून चौथ्यात. चौथ्यात आम्ल असतं." एकामागून एक, न थांबता. एकही शब्द चुकीचा नव्हता. ज्याने कधी शाळेत वाईट मास्तर सोसलाय त्याला हा आवाज ओळखू येईल.

गिरिजाच्या पाठीमागच्या भिंतीवर पडदा होता. तिला तो दिसत नव्हता, बाकी सगळ्यांना दिसत होता. रेषा चढू लागली. नियमाने पडद्यावर आकडा दाखवत नाहीत, फक्त रेषा. ती चढत गेली आणि वरच राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "बघितलं का." बिराजदार सर पडद्याकडे बघत होते. नजर हटवली नाही. दोन्ही हात मांड्यांवर पालथे होते. येमूल बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हवं होतं ते समोर होतं.

त्यांनी आणखी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. पाठ असाच संपवायचा होता. मोजपट्टी रद्द झाली असती, हारिकाला दुसरी संधी मिळाली असती, नोकरी राहिली असती.

गिरिजाने हात वर केला.

"बाई, थांबा की जरा. दुसऱ्यातून तोंडात आलं, चावून झालं. मग सरळ चौथ्यात का नाही जात? तिसरा मधे कशाला लागतो?"

चित्रणात इथे बराच वेळ काही घडत नाही. येमूल बाई खडू धरून उभ्या आहेत. नियमाप्रमाणे शिक्षकाने शंकेला उत्तर देणं बंधनकारक नाही. शेख मॅडम घड्याळाकडे बघतात. तिसऱ्या रांगेत बसलेली हारिका आईकडे बघतेय, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीच सांगता येत नाही.

मग येमूल बाई फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी गाय काढली. पोट मोठं, पाय लहान, पहिलीच्या मुलाने काढावी तशी. आत चार कप्पे.

"कारखान्यात टॉवेल धुतल्यावर ओलाच रंगात टाकतात का?"

"नाही. पिळून टाकतात."

"का?"

"पाण्याने रंग पातळ होतो म्हणून."

"चौथ्या कप्प्यात काय आहे म्हणाले मी?"

"आम्ल."

बाईंनी पुढे काही सांगितलं नाही. गिरिजा फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिसरा पिळतोय."

रेषा उतरू लागली.

सभागृहातल्या घड्याळाला सेकंदकाटा नाही. उतार चार मिनिटांच्या आत लागला की नंतर, यावर त्या दिवसापासून पालकांत वाद आहे. चढ कुठून सुरू धरायचा यावर ते अवलंबून आहे, आणि ते यंत्रालाच माहीत. आकडा मोहोरबंद करून पुण्याला गेला. तो कधी उघडणार, हे निखत शेख यांनी सांगितलं नाही.

पट्टी काढल्यावर गिरिजाने कपाळ चोळत विचारलं, "बाई, बरोबर आलं का?"

"बरोबर आलं," येमूल बाई म्हणाल्या.

बिराजदार सर त्यांच्या जवळून गेले तेव्हा थांबले नाहीत. "नाहीतर आम्ल पातळ होतं," एवढंच म्हणाले, बाईंना की स्वतःला, ते शेजारच्यांना कळलं नाही.

त्याच दुपारी येमूल बाईंनी मापन कार्यालयातून शिक्षकाच्या निवेदनाचा कोरा नमुना मागून घेतला. आकडा उघडेपर्यंत तो देता येतो; दिला तर आकडा न उघडताच मोजपट्टी रद्द होते, गिरिजाच्या नावावर काही लागत नाही, आणि बाईंची नोकरी बहुतेक जाते. आकडा चार मिनिटांच्या वर असेल तर नमुन्याची गरज नाही, नोकरीही राहील आणि गिरिजाची जागा जाईल. आत असेल तर त्याच्यानंतर नमुन्याचा उपयोग नाही. शेख मॅडमनी त्यांना विचारलं, "आता हे कशाला, तुम्ही दुसरा रस्ता घेतला होता ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "वाचायला."

हारिका त्या दिवशी आईबरोबर घरी गेली नाही. ती गिरिजाबरोबर चालत गेली. दोघी वाटेत शेळ्यांच्या गोठ्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या, असं गल्लीतले सांगतात.

हा मजकूर लिहीपर्यंत, म्हणजे शनिवार २० जूनच्या संध्याकाळपर्यंत, आकडा उघडलेला नाही. निवेदनाचा नमुना कार्यालयात परत आलेला नाही. शाळेच्या ग्रुपवर शुक्रवारी आणखी एक परिपत्रक आलं. सगळ्यांनी 'नोंद घेतली' लिहिलं. येमूल बाईंनी अजून काही लिहिलेलं नाही.